पाच सप्टेंबरचे विस्मृत नाव

दरवर्षी ५ सप्टेंबरला डॉ. राधाकृष्णन यांच्या प्रतिमेला हार पडतात, आणि ते उचितच आहे. परंतु याच तारखेला, १९०७ साली, कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडी या खेड्यात जन्मलेल्या एका शिक्षणतज्ज्ञाचे स्मरण आमच्या शाळांना होत नाही, याची आम्हांस खंत वाटते. विठ्ठल हरी घोटगे हे त्यांचे मूळ नाव. शिक्षणजगत त्यांना जे. पी. नाईक म्हणून ओळखते.

गणिताचा हा पदवीधर सविनय कायदेभंगात तुरुंगात गेला. सुटल्यावर त्याने धारवाडनजीकचे उप्पिन बेटगेरी हे कानडी खेडे गाठले आणि तेथेच शाळेचे व ग्रामसुधारणेचे काम आरंभिले. सीमाभागात भाषेवरून डोकी तापतात, तेव्हा या मराठी माणसाची आम्हांस हटकून आठवण होते. पुढे गारगोटीस मौनी विद्यापीठ उभे राहिले, त्यामागेही नाईकांचेच परिश्रम होते.

दिल्लीत शिक्षणखात्याचे सल्लागार म्हणून ते गेले ते नाममात्र वेतनावर. कोठारी आयोगाचे (१९६४-६६) ते सदस्य-सचिव होते. अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स व जपान येथील तज्ज्ञ त्या आयोगावर होते. पण अहवालामागची अनुभवाची शिदोरी खेड्यातील होती. दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध तेवढा सर्वांनी उचलला. श्रीमंत-गरिबांची मुले एकाच शाळेत बसावीत, ही सामायिक शाळेची शिफारस मात्र कोणालाच परवडली नाही. ज्यांच्या हाती निर्णय होते, त्यांची मुले त्या शाळेत जायची नव्हती, हे उघड आहे.

स्वतः राबून सिद्ध केलेल्या अहवालाची नाईकांनी पुढे निर्भीड चिकित्सा केली, हा त्यांचा मोठेपणा आम्हांस विशेष वाटतो. समता, गुणवत्ता आणि संख्या हा त्रिकोण जुळत का नाही, याचा शोध त्यांनी १९७५ च्या ग्रंथात घेतला. दिवसा गुरे राखणाऱ्या मुलाला त्याच्या सवडीने शिकता आले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पुढे युनेस्कोने जगातील शंभर शिक्षणचिंतकांच्या मालिकेत गांधीजी, रवींद्रनाथ व अरविंद यांच्या समवेत त्यांना स्थान दिले.

३० ऑगस्ट १९८१ रोजी ते निवर्तले. राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्चावेत, ही आयोगाची शिफारस १९६८ च्या धोरणात आली, १९८६ च्या धोरणात आली आणि २०२० च्या धोरणातही आली. अंदाजपत्रकात ती अद्याप उतरलेली नाही.