गुणगुणीचा माग काढणारा अभियंता : अॅलन ब्लूमलाइन

घरच्या घरी व्हॉल्व्हचा फोनो प्रीअॅम्प्लिफायर जोडणाऱ्या हौशी मंडळींची पहिली झुंज असते ती गुणगुणीशी. सुई तबकडीवर टेकण्याआधीच स्पीकरमधून एक संथ, जाड घुमारा येऊ लागतो. सुईकडून मिळणारा विद्युत्संदेश जेमतेम पाच मिलिव्होल्टचा. तो ऐकण्याजोगा करायचा तर सुमारे शंभरपट वाढवावा लागतो. त्यातून तबकडी कोरताना खालचे स्वर मुद्दाम दाबलेले असल्याने ५० हर्ट्झच्या आसपासचा स्वर मधल्या स्वरांच्या तुलनेत आणखी सातपट उचलावा लागतो. आणि घरातल्या विजेचा स्वरही नेमका ५० हर्ट्झचाच! सुकलेले जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बदलून अधिक क्षमतेचे नवे बसवले, की वीजपुरवठ्यातून झिरपणारी १०० हर्ट्झची लहर बरीच शमते. तरीही थोडी गुणगुण मागे राहते. ती पुरवठ्यातून आलेली नसते, संदेश वाहून आणणाऱ्या तारांनी वाटेत गोळा केलेली असते.

वाटेत शिरलेल्या या गुणगुणीवर १९३६ मध्ये उपाय शोधणारा आणि तबकडीच्या एकाच खाचेत दोन स्वतंत्र ध्वनी बसवण्याची वाट दाखवणारा अभियंता एकच होता. त्याचे नाव अॅलन डॉवर ब्लूमलाइन.

२९ जून १९०३ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात त्यांचा जन्म झाला. वडील मूळचे जर्मन, खाणव्यवसायातले अभियंते. आई दक्षिण आफ्रिकेत गेलेल्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची कन्या. अॅलनना बरीच वर्षे नीट वाचता येत नव्हते, पण विजेची उपकरणे मात्र हाताला वश होती. वयाच्या सातव्या वर्षी घरातली घंटी दुरुस्त करून त्यांनी वडिलांना रीतसर बिल दिले आणि त्याखाली विद्युत अभियंता म्हणून सही ठोकली, अशी आठवण सांगितली जाते. पुढे सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयातून ते पहिल्या वर्गात पदवीधर झाले.

१९२४ मध्ये मिळालेली नोकरी टेलिफोनच्या क्षेत्रातली होती. लांब पल्ल्याच्या तारांमध्ये एका जोडीतले संभाषण शेजारच्या जोडीत ऐकू येई. हा परक्या आवाजाचा शिरकाव कमी करणे हे त्यांचे काम. हवा तो आवाज राखायचा आणि नको तो वेगळा काढायचा, हा धडा त्यांनी तेथे गिरवला. १९२९ मध्ये ते कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आयझॅक शोएनबर्ग यांच्या हाताखाली रुजू झाले. ध्वनिमुद्रणाच्या अमेरिकी तंत्रासाठी कंपनीला प्रत्येक तबकडीमागे स्वामित्वधन मोजावे लागे. ब्लूमलाइन यांनी निराळ्या तत्त्वावरचे, फिरत्या वेटोळ्याचे कोरणयंत्र तयार करून ही परवड संपवली. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी यांचे विलीनीकरण होऊन ईएमआय जन्माला आली, आणि त्याच वर्षी ब्लूमलाइन यांचे सर्वांत मोठे काम कागदावर उतरले.

त्याला निमित्त चित्रपटगृहाचे घडले. भावी पत्नी डोरीन यांच्यासह बोलपट पाहताना त्यांना एक विसंगती खटकली. नट पडद्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाई, आवाज मात्र एकाच कर्ण्यातून येत राही. १४ डिसेंबर १९३१ रोजी त्यांनी अर्ज केलेल्या पेटंटमध्ये तब्बल ७० दावे होते. परस्परांशी काटकोनात ठेवलेले दोन मायक्रोफोन आणि खाचेच्या दोन तिरक्या भिंतींवर कोरलेले दोन आवाज, असे स्टिरिओचे सारे शास्त्र त्यात मांडलेले होते. जानेवारी १९३४ मध्ये अॅबे रोडच्या स्टुडिओत थॉमस बीचम मोत्झार्टची ज्युपिटर सिम्फनी बसवत असताना त्यांनी ती या पद्धतीने मुद्रित केली. पण काळ मंदीचा होता. कंपनीने हे काम बाजूला ठेवले. स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या त्या १९५७-५८ च्या सुमारास. तोवर पेटंटची मुदत संपलेली होती आणि संशोधकही उरला नव्हता.

दरम्यान ईएमआयने त्यांना दूरचित्रवाणीकडे वळवले. मे १९३७ मध्ये राजे सहावे जॉर्ज यांच्या राज्यारोहणाची मिरवणूक हाइड पार्क कॉर्नरहून दाखवायची होती. तेथून अलेक्झांड्रा पॅलेसपर्यंत चित्रसंदेश नेणारी केबल अर्धे लंडन ओलांडत होती. एवढ्या वाटेत ती शहराच्या विजेचा गोंगाट टिपणारच. ब्लूमलाइन यांचा तोडगा असा : दोन व्हॉल्व्हचे कॅथोड जोडून त्यांना एकच मोठा रोधक द्यायचा आणि केबलच्या दोन तारा दोघांच्या ग्रिडला लावायच्या. चित्राचा संदेश दोन तारांवर उलटसुलट असतो, म्हणून तो वाढून बाहेर पडतो. गुणगुण मात्र दोन्ही तारांत सारखीच शिरलेली असते. ती त्या सामाईक रोधकापाशी स्वतःलाच खोडून काढते. लांब शेपटीची जोडी या गमतीदार नावाने ओळखली जाणारी ही रचना आज ऑपरेशनल अॅम्प्लिफायरच्या प्रत्येक चिपच्या तोंडाशी, ट्रान्झिस्टरच्या रूपात, बसलेली आढळते. व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरवाल्यांना प्रिय असलेल्या अल्ट्रालिनिअर जोडणीचे मूळही त्यांच्या १९३७ च्या पेटंटमध्ये आहे. त्यांच्या नावावर १२८ पेटंटे जमा आहेत.

युद्ध आले आणि ही बुद्धी रडारकडे वळली. ढगांआडून वा अंधारातून जमिनीचा नकाशा दाखवणारे एच-टू-एस हे यंत्र ब्रिटनला तातडीने हवे होते. ७ जून १९४२ रोजी त्याची चाचणी घेण्यासाठी हॅलिफॅक्स बॉम्बर आकाशात गेले. इंजिनाला आग लागली, ती पसरली आणि विमान हेरफर्डशायरमध्ये वेल्श बिकनॉरजवळ कोसळले. ब्लूमलाइन आणि ईएमआयमधले त्यांचे दोन सहकारी सेसिल ब्राउन व फ्रँक ब्लायदेन यांच्यासह विमानातले अकराही जण ठार झाले. देखभालीच्या वेळी इंजिनाच्या झडपेपाशी एक नट पुरेसा आवळला गेला नव्हता, असे तपासाचे निदान होते. ब्लूमलाइन ३८ वर्षांचे होते. मागे पत्नी आणि दोन मुले.

यंत्र इतके गुप्त होते, की त्यावर काम करणाऱ्याच्या मृत्यूचा गाजावाजा करणे शक्यच नव्हते. जानेवारी १९४३ मध्ये हॅम्बुर्गवरील हल्ल्यात एच-टू-एस प्रत्यक्ष वापरात आले. ब्लूमलाइन यांची गोष्ट मात्र युद्धानंतरही दीर्घकाळ फायलींमध्येच राहिली. ईलिंगमधल्या त्यांच्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली ती १९७७ मध्ये, आणि संगीतविश्वाचा तांत्रिक ग्रॅमी सन्मान त्यांच्या नावे जाहीर झाला तो थेट २०१७ मध्ये. पाटीच्या वेळी तबकड्या आणि स्टिरिओ संच घरोघरी पोहोचलेले होते. ते ऐकणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना हे नाव ठाऊक होते.