शिक्षकांचे शिक्षक हॅरोल्ड पामर

ज्यांच्या घरीं इंग्रजी कोणी बोलत नाहीं अशा मुलांस ती भाषा कशी शिकवावी, हा प्रश्न कठीण खराच. परंतु त्याहूनहि कठीण असा एक प्रश्न आहे, तो म्हणजे त्या मुलांच्या शिक्षकांस कसें तयार करावें हा होय. या दुसऱ्या प्रश्नासाठीं ज्यांनीं आपल्या आयुष्याचीं उत्तम वर्षें वेंचलीं, त्या हॅरोल्ड एडवर्ड पामर यांचें चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों. त्यांचें आडनांव देवनागरींत लिहिलें कीं वर्गांत हमखास हशा पिकतो. हा शब्द आमच्या संतांनीं स्वतःकरितां मोठ्या आवडीनें वापरला आहे, एवढें हंसणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें आणि मग पुढें वाचावें.

पामर यांचा जन्म ६ मार्च १८७७ रोजीं लंडन शहरीं झाला. वडील प्रथम शिक्षक होते. पुढें केंट परगण्यांतील हाइथ या समुद्रकांठच्या गांवीं त्यांनीं एक लहानसें वर्तमानपत्र चालविलें. मुलाचें शिक्षण बरेंचसें घरींच झालें. विद्यार्थी म्हणून त्यानें विश्वविद्यालयाची पायरी कधींच चढली नाहीं. पंधराव्या वर्षीं कांहीं महिने फ्रान्समध्यें राहण्याचा योग आला व परक्या भाषेची गोडी लागली. नंतर घरच्या वर्तमानपत्राच्या कामांत दिवस जाऊं लागले.

१९०२ सालीं हा तरुण बेल्जममधील व्हर्व्हिए या लोंकरीच्या गिरण्यांच्या गांवीं इंग्रजी शिकविण्यास गेला. तेथील शाळेंत बर्लिट्झ पद्धति चालत असे. शिक्षकानें विद्यार्थ्यांच्या मातृभाषेचा एक शब्दहि उच्चारावयाचा नाहीं, हा त्या पद्धतीचा कडक दंडक होता. पामर यांस तींत गुण दिसले, तसे दोषहि दिसले. लवकरच त्यांनीं स्वतःची शाळा काढली आणि बारा वर्षें तिची जणूं प्रयोगशाळाच केली. कोणतीं वाक्यें आधीं द्यावीं, कोणतीं मागाहून, कोणता उच्चार कोठें अडतो, हें सारें ते पारखून पाहत. ध्वनिशास्त्राचा अभ्यासहि त्यांनीं तेथेंच केला. मग १९१४ सालीं जर्मन सैन्य बेल्जममध्यें घुसलें. घरदार व शाळा मागें टाकून या कुटुंबास इंग्लंडांत परत यावें लागलें.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत त्या वेळीं डॅनिअल जोन्स हे ध्वनिशास्त्राचे नामांकित अध्यापक होते. त्यांनीं पामर यांस भाषाशिक्षणावर व्याख्यानें देण्यास १९१५ सालीं बोलाविलें. ज्यास पदवी नाहीं असा मनुष्य पदवीधरांस शिकवूं लागला! व्याख्यानांतून ग्रंथ झाले; त्यांपैकीं पहिला मोठा ग्रंथ १९१७ सालीं व दुसरे दोन १९२१ सालीं प्रसिद्ध झाले.

त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें. तान्हें मूल मातृभाषा पुस्तकावरून शिकत नाहीं. तें पुष्कळ दिवस नुसतें ऐकतें, मग बोलतें, आणि वाचन-लेखन हीं फार उशिरां येतात. ऐकून शिकण्याची ही शक्ति मोठेपणीं मरत नाहीं, फक्त निजते. तिला जागें करणें हें शिक्षकाचें काम. पेंटेकॉस्टच्या दिवशीं प्रेषितांस एका क्षणांत अन्य भाषा प्राप्त झाल्या, परंतु आम्हां इतरांस तें वरदान नाहीं. आम्हांस संवयीच्या मार्गानेंच जावें लागतें. म्हणून पामर यांनीं संवय लावण्याचीं साधनें तयार केलीं. त्यांतील एक साधन म्हणजे आदलाबदलीचें कोष्टक. एका वाक्याचे चार भाग पाडून चार उभे रकाने करावे आणि प्रत्येक रकान्यांत परस्परांच्या जागीं चालतील असे पांच पांच शब्द लिहावे. प्रत्येक रकान्यांतील एकेक शब्द घेत गेल्यास ६२५ शुद्ध वाक्यें होतात, आणि चूक करूं म्हटलें तरी होत नाहीं. गणिताची आवड असणाऱ्या मुलांनीं हा हिशोब स्वतः करून पाहावा. तथापि अर्थाकडे लक्ष न देतां हें कोष्टक घोकलें तर मुलांचे पोपट होतात, असें आमचें मत आहे. साधन चांगलें असलें तरी तें वापरणारा डोळस हवा.

आतां जपानकडे वळूं. सावायानागी मासातारो या थोर शिक्षणतज्ज्ञांच्या पुढाकारानें आणि मात्सुकाता कोजिरो या उद्योगपतींच्या द्रव्यसाहाय्यानें पामर यांस जपानांत निमंत्रण आलें. १९२२ सालीं ते तोकियोस पोंचले व शिक्षणखात्याचे भाषाविषयक सल्लागार झाले. जपानी मुलें माध्यमिक शाळेंत पांच वर्षें इंग्रजी शिकत, पण इंग्रज मनुष्य समोर आला कीं बहुतेकांची वाचा बंद होई. याचें कारण उघड होतें. जपानी भाषेंत आमच्या मराठीप्रमाणेंच क्रियापद वाक्याच्या शेवटीं येतें. म्हणून इंग्रजी वाक्यांतील शब्द मागेंपुढें करून त्यांचा जपानी अर्थ लावावयाचा, हीच तेथें शिकवण्याची रूढ रीत झाली होती. मुलें इंग्रजी उलगडीत, पण बोलत नसत. हें वर्णन आमच्या वाचकांस अगदींच परकें वाटणार नाहीं.

दोष केवळ पाठ्यपुस्तकांचा असता, तर नवीं पुस्तकें लिहून पामर मोकळे झाले असते. परंतु खरी अडचण शिक्षकांपाशीं होती. ज्या शिक्षकानें स्वतः ही भाषा डोळ्यांनींच शिकलेली, कानांनीं कधीं नाहीं, त्यानें पन्नास मुलांपुढें ती तोंडानें बोलून दाखवावी कशी? चुकलों तर मुलांपुढें मान खालीं जाईल ही भीति कोणत्या शिक्षकास नसते? शिवाय वरच्या विद्यालयांच्या प्रवेशपरीक्षा पुढें उभ्या. त्यांत भाषांतर व व्याकरण विचारीत. बोलणें कोणी विचारीत नसे. पालकहि तेंच मागत. नवी पद्धति स्वीकारणाऱ्या शिक्षकाचीं मुलें परीक्षेंत मागें पडलीं, तर दोष त्याच्याच माथीं येणार होता.

मे १९२३ मध्यें तोकियो येथें इंग्रजी अध्यापनाची संशोधनसंस्था स्थापन झाली आणि पामर तिचे संचालक झाले. चारच महिन्यांत, १ सप्टेंबर रोजीं, महाभूकंपानें तोकियो व योकोहामा हीं शहरें उद्ध्वस्त केलीं. लाखाहून अधिक माणसें दगावलीं. तरीहि संस्थेचें काम थांबलें नाहीं. तिचें पत्रक गांवोगांवच्या शिक्षकांकडे जाऊं लागलें आणि १९२४ पासून वार्षिक संमेलनें भरूं लागलीं. या संमेलनांत व्याख्यानांबरोबर प्रत्यक्ष नमुनापाठहि होत. दुसरा जपानी शिक्षक इंग्रजींत वर्ग चालवितो हें पाहणाऱ्यांस स्वतःच्या डोळ्यांनीं दिसे, आणि आम्हांस वाटतें कीं भीति घालविण्यास याहून मोठा उपाय नाहीं. १९२५ सालीं पामर यांनीं आपली कन्या डोरोथी हिच्यासह कृतींतून इंग्रजी शिकविण्याचें एक पुस्तक प्रसिद्ध केलें. ऊठ, दार उघड, पुस्तक टेबलावर ठेव, अशा आज्ञा आणि त्यांवरील प्रश्नोत्तरें त्यांत क्रमवार तयार दिलेलीं आहेत. ज्यास इंग्रजींत ऐसपैस बोलतां येत नाहीं, त्या शिक्षकासहि तेवढीं वाक्यें पाठ करून वर्गांत उभें राहतां येई.

येथें पामर यांचा जो गुण आम्हांस सर्वांत मोठा वाटतो, तो सांगितला पाहिजे. आपलें तत्त्व खरें असूनहि तें शाळेंत चालत नाहीं असें दिसतांच त्यांनीं शिक्षकांवर राग काढला नाहीं. आपल्याच पद्धतीस मुरड घातली. नेमलेलें पाठ्यपुस्तक राहूं द्यावें, मात्र धडा उघडण्यापूर्वीं त्यांतील मजकूर शिक्षकानें सोप्या इंग्रजींत तोंडीं सांगावा व प्रश्न विचारावे, अशी मधली वाट निघाली. फुकुशिमा येथील माध्यमिक शाळेंतील शिक्षकांनीं परीक्षेचें ओझें संभाळून ही वाट चालून दाखविली, आणि १९३० नंतरच्या वर्षांत ती योजना त्या गांवाच्या नांवानेंच प्रसिद्धीस आली.

याच सुमारास पामर वाचनासाठीं निवडक शब्दांच्या याद्या करण्याकडे वळले. त्या कामीं त्यांची गांठ आमच्या देशांत काम केलेल्या एका गृहस्थाशीं पडली. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगालमधील मुलांस बोलण्याआधीं वाचन यावें, असा त्यांचा आग्रह. दोघांचीं मतें अशीं निरनिराळीं; तरी १९३४ सालीं न्यूयॉर्क येथील परिषदेंत ते एकत्र बसले, आणि १९३६ सालीं शब्दनिवडीचा संयुक्त अहवाल बाहेर पडला. १९३५ सालीं तोकियोच्या विश्वविद्यालयानें या पदवीहीन गृहस्थास डॉक्टर ही पदवी अर्पण केली. १९३६ सालीं ते मायदेशीं परतले.

त्यांचें काम ए. एस. हॉर्नबी या त्यांच्या सहकाऱ्यानें पुढें नेलें. क्रियापदामागून कशी वाक्यरचना येते, हें पामर यांनीं १९३८ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें होतें. तोच धागा धरून हॉर्नबी व त्यांच्या दोघां सोबत्यांनीं शिकणाऱ्यांकरितां कोश रचला. तो १९४२ सालीं तोकियोंत छापला गेला, आणि त्या वेळीं ब्रिटन व जपान एकमेकांशीं लढत होते! १९४८ सालीं ऑक्सफर्डनें तो पुन्हां काढला. आमच्याकडील अनेक शाळांच्या कपाटांत जो जाडजूड ऑक्सफर्ड कोश दिसतो, त्याचा हा पूर्वज. १९५८ सालीं हैदराबाद येथें इंग्रजीच्या शिक्षकांसाठीं केंद्रीय संस्था निघाली. त्या काळीं भारतांत जी रचनापद्धति शिक्षकांस शिकविली जात होती, तिच्या मुळाशींहि पामर यांचींच कोष्टकें होतीं.

ज्या १९४२ सालीं कोश छापला गेला, त्याच सालीं पामर यांचा पुत्र ट्रिस्ट्रम हा ब्रिटिश विमानदळांत असतां युद्धांत मरण पावला. ज्या देशास आपलीं चौदा वर्षें दिलीं तो देश शत्रुपक्षांत, आणि मुलगा रणांत गेलेला, असें त्या पित्याचें शेवटचें वय गेलें. १६ नोव्हेंबर १९४९ रोजीं इंग्लंडांत फेलब्रिज येथें त्यांनीं देह ठेवला. तिकडे तोकियोंतील संस्थेनें युद्धकाळांत आपल्या नांवांतून इंग्रजी हा शब्द वगळून केवळ भाषाशिक्षण एवढाच ठेवला होता. परंतु तिनें संस्थापकाचें नांव वगळलें नाहीं. युद्ध संपल्यावर तिनें इंग्रजी उत्तम शिकविणाऱ्या जपानी शिक्षकांकरितां एक पारितोषिक सुरू केलें, आणि त्यास पामर यांचें नांव दिलें.