नाझिया हसन : पंधराव्या वर्षी सीमेपार गेलेला आवाज

१९८० च्या जून महिन्यात ‘कुर्बानी’ लागला. फिरोज खान, विनोद खन्ना, झीनत अमान अशी तगडी मंडळी, त्यामुळे थिएटरवर गर्दी होणारच होती. पण पिक्चर बघून बाहेर पडलेल्या माणसाच्या ओठांवर एक वेगळंच गाणं होतं : ‘आप जैसा कोई’. पडद्यावर झीनत अमान होत्या. आवाज मात्र ना लतादीदींचा, ना आशाताईंचा. थोडा नाकातला, कोवळा, कसलीही हरकत-मुरकी न घेता सरळ गाणारा. हा आवाज कुणाचा, हे कळायला लोकांना वेळ लागला. लंडनमध्ये शिकणारी, अवघी पंधरा वर्षांची एक पाकिस्तानी मुलगी ते गाणं गायली होती. तिचं नाव नाझिया हसन.

१३ ऑगस्ट हा नाझियाचा स्मृतिदिन. २००० साली याच दिवशी लंडनमध्ये ती गेली, तेव्हा वय होतं फक्त ३५. त्या छोट्या आयुष्यात तिने आणि तिचा धाकटा भाऊ झोहेब याने मिळून जे केलं, त्यामुळे भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांत पॉप गाण्यांचा दरवाजा उघडला.

बंगळुरूचे दोघे, लंडनची एक

नाझियाचा जन्म ३ एप्रिल १९६५ चा, कराचीचा. वडील बसीर हसन व्यावसायिक, आई मुनिझा समाजकार्यात. बालपण थोडं कराचीत, थोडं लंडनमध्ये गेलं. पाकिस्तान टीव्हीवर लहान मुलांच्या गाण्यांच्या कार्यक्रमात ती दिसायची. घरात गाणं होतं, पण गाण्यावर पोट भरायचं असा विचार कुणाच्याच डोक्यात नव्हता. आधी शिक्षण, मग बाकीचं, असा घरचा शिरस्ता होता.

लंडनमध्येच फिरोज खान यांनी तिचा आवाज ऐकला आणि तिला बिद्दू यांच्याकडे नेलं. इथे कर्नाटकातल्या वाचकांना एक गोष्ट आवडेल. फिरोज खान मूळचे बंगळुरूचे आणि बिद्दू अप्पय्या हेही बंगळुरूचेच. साठच्या दशकात बिद्दू नशीब काढायला लंडनला गेले आणि १९७४ मध्ये त्यांनी निर्माण केलेलं ‘कुंग फू फायटिंग’ हे गाणं इंग्लंड-अमेरिकेत पहिल्या नंबरावर पोहोचलं. ‘कुर्बानी’चं बाकी संगीत कल्याणजी-आनंदजींचं. हे एकच गाणं बिद्दू यांनी केलं. त्यांनी नाझियाचा आवाज एकावर एक असा दुहेरी रेकॉर्ड केला. त्यामुळे त्या गाण्याला जो घुमारा आला, तो आपल्याकडच्या कानांना अगदी नवा होता.

त्या वर्षी गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या बँडवर, हॉटेलातल्या रेडिओवर सगळीकडे तेच गाणं. १९८१ मध्ये नाझियाला सर्वोत्कृष्ट पार्श्वगायिकेचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणारी ती सर्वांत लहान गायिका ठरली, आणि पहिली पाकिस्तानीही.

भाऊ आला सोबतीला

एवढं नाव झाल्यावर मुंबईत येऊन पार्श्वगायन करायचं, हा सरळ रस्ता होता. नाझियाने तो धरला नाही. शाळा सोडायची नव्हती. मग बिद्दू यांनी वेगळी कल्पना काढली. पिक्चरच नको, नुसत्या गाण्यांचा अल्बम करू.

आज यात काही विशेष वाटणार नाही. मराठी माणसाला तर भावगीतांमुळे सिनेमाबाहेरच्या गाण्यांची सवय फार जुनी. पण हिंदीच्या बाजारात तेव्हा सिनेमाचंच राज्य होतं. गझल आणि भजनं सोडली तर पिक्चरशिवाय गाणं विकलं जाईल, यावर दुकानदाराचाही विश्वास नव्हता. पडद्यावर हिरो-हिरॉईन नाही, कथा नाही, जाहिरातीचा खर्च कोण करणार, असा हिशेब होता.

१९८१ मध्ये ‘डिस्को दीवाने’ आला आणि तो हिशेब चुकला. भारतात विक्रीचे आधीचे आकडे मागे पडले. पाकिस्तानात तर तो घराघरांत गेला. या अल्बमपासून झोहेब बहिणीच्या बरोबरीने उभा राहिला. तो तिच्यापेक्षा साधारण दीड वर्षाने लहान. गायचा, आणि चालीही लावायचा. भावाने चाल लावावी आणि बहिणीने गावी, हे मंगेशकरांच्या घरामुळे आपल्याला नवं नाही. फरक इतकाच, की ही भावंडं शाळेच्या वयाची होती आणि त्यांची गाणी त्यांच्याच वयाच्या पोरापोरींसाठी होती.

पुढच्या वर्षी ‘स्टार’ हा कुमार गौरवचा पिक्चर आला. तो पडला. पण त्यातली बहीण-भावाची गाणी ‘बूम बूम’ नावाच्या अल्बममुळे टिकली. पिक्चर पडूनही गाणी चालतात, हे व्यापाऱ्यांना पुन्हा दिसलं. १९८४ मध्ये ‘यंग तरंग’ आला. त्यातल्या गाण्यांचे व्हिडिओ काढले गेले, जे पाकिस्तानात तोवर कुणी केलं नव्हतं. १९८७ मध्ये ‘हॉटलाइन’ आला.

बंधनांच्या काळातली गाणी

ही सगळी वर्षं पाकिस्तानात जनरल झिया-उल-हक यांच्या राजवटीची होती. सरकारी टीव्हीवर नाचगाण्यावर कडक नजर. मुलींनी पडद्यावर कसं दिसावं, काय घालावं, याचे नियम वरून यायचे. अशा काळात एक तरुण मुलगी भावासोबत उभी राहून पॉप गाते, हे अनेकांना रुचत नव्हतं. नाझियाने कुणाशी भांडण केलं नाही की गाणंही बंद केलं नाही. साधे कपडे, शांत हावभाव आणि शेजारी भाऊ. घरातल्या मोठ्या माणसांनाही ही मुलगी आपली वाटली. त्या काळात पॉप गाणाऱ्या मुलीला एवढा मान मिळणं सोपं नव्हतं.

१९८८ च्या ऑगस्टमध्ये झिया विमान अपघातात गेले आणि वर्ष संपता संपता बेनझीर भुट्टो पंतप्रधान झाल्या. १९८९ मध्ये पाकिस्तान टीव्हीवर ‘म्युझिक ८९’ हा फक्त पॉप गाण्यांचा कार्यक्रम झाला. सूत्रसंचालन नाझिया आणि झोहेब यांचं. ‘व्हायटल साइन्स’सारखे नव्या पोरांचे बँड त्या कार्यक्रमातून लोकांपुढे आले. धार्मिक मंडळींनी त्यावर टीकाही खूप केली. पण पुढच्या दशकात पाकिस्तानी पॉपची जी लाट आली, तिच्या सुरुवातीला ही दोन भावंडं उभी होती.

गाणं थांबलं, काम नाही

गाण्याच्या जोडीने नाझियाचं शिक्षण चालूच होतं. लंडनमध्ये तिने व्यवसाय व्यवस्थापन आणि अर्थशास्त्राची पदवी घेतली, पुढे कायद्याचीही. १९९१ च्या सुमारास न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं. तिथे तिची ओळख गायिका म्हणून नव्हती, फाइल सांभाळणारी एक शिकलेली मुलगी म्हणून होती.

१९९२ मध्ये ‘कॅमेरा कॅमेरा’ हा पाचवा अल्बम आला. तो अमली पदार्थांच्या विरोधातल्या मोहिमेशी जोडलेला होता. व्यसनाच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांसाठी बहीण-भावाने एक संस्थाही उभी केली. हाच त्यांचा शेवटचा अल्बम. बारा वर्षांत पाच अल्बम, तेही शिक्षण आणि नोकरी सांभाळून.

१९९५ मध्ये अलिशा चिनॉय यांचं ‘मेड इन इंडिया’ गाजलं. ते गाणंही बिद्दू यांचंच. मुळात ते नाझियासाठी केलं होतं, असं बिद्दू यांनी पुढे सांगितलं. पण ती तोवर गाण्यापासून दूर गेली होती. त्याच वर्षी कराचीत तिचं लग्न झालं. १९९७ मध्ये मुलगा झाला. संसार आणि आजारपण ही पुढच्या काळाची गोष्ट. तिला फुप्फुसाचा कर्करोग होता. उपचार झाले, मधे थोडं बरं वाटलं, पण आजार पुन्हा उलटला. लहान मुलाला मागे ठेवून ती गेली. लंडनच्या हेंडन दफनभूमीत तिला दफन केलं.

मागे काय उरलं?

२००२ मध्ये पाकिस्तान सरकारने नाझियाला मरणोत्तर ‘प्राइड ऑफ परफॉर्मन्स’ हा सन्मान दिला. तो तिच्या आईने स्वीकारला. २००३ मध्ये आई-वडिलांनी तिच्या नावाने गरजूंसाठी प्रतिष्ठान सुरू केलं. झोहेब बहिणीनंतर बरीच वर्षं गाण्यापासून लांबच राहिला. २००६ मध्ये त्याचा एकट्याचा अल्बम आला, तेव्हा शेजारची जागा रिकामी होती.

२०१२ मध्ये ‘स्टुडंट ऑफ द इयर’ या हिंदी पिक्चरमध्ये ‘डिस्को दीवाने’ नव्या रूपात आलं. कॉलेजच्या पोरांनी ते नवं म्हणूनच डोक्यावर घेतलं. घरातल्या काका-मावश्यांनी मात्र मूळ आवाज लगेच ओळखला.

सीमाभागात राहणाऱ्यांना हद्द म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एका बाजूची पाटी, दुसऱ्या बाजूची भाषा, कागदपत्रं, मोर्चे, हे रोजचंच. आणि त्याच हद्दीवरून गाणं मात्र बिनबोभाट ये-जा करतं, हेही आपण रोज बघतो. नाझियाच्या बाबतीत ती हद्द दोन राज्यांची नव्हती, दोनदा युद्ध झालेल्या वर्षांत वाढलेल्या पिढीची होती. तिचा जन्म १९६५ चा, आणि ती सहा वर्षांची असताना १९७१ चं युद्ध झालं. त्यानंतर नऊ वर्षांनी तिचं गाणं आपल्या मांडवात वाजत होतं आणि ते बंद करा असं कुणी म्हणालं नाही.

तिचा स्मृतिदिन १३ ऑगस्टला येतो. दुसऱ्या दिवशी तिच्या देशाचा स्वातंत्र्यदिन, तिसऱ्या दिवशी आपला.