इतिहासाचार्य राजवाडे आणि दप्तरांचे राखणदार

दप्तरखान्यात काम करणारा मनुष्य म्हणजे धूळ झटकीत बसलेला कारकून, अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. ही समजूत किती उथळ आहे, हे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या चरित्रावरून ध्यानी येते.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ साली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई येथे झाला. पदवी मिळाल्यावर त्यांनी काही काळ शिक्षकी केली. पत्नीच्या अकाली निधनानंतर त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. वाई येथे पानिपतच्या काळातील पत्रे हाती लागली आणि आयुष्याची दिशा ठरली. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे एकूण बावीस खंड झाले.

पुण्याचे सरकारी पेशवे दप्तर त्या काळी संशोधकांना खुले नव्हते. त्यामुळे राजवाडे गावोगाव पायपीट करून वाड्यांचे माळे धुंडाळीत. घरोघरीचे लोक त्यांच्याकडे संशयाने पाहत. आपल्या इनामाचे वा जमिनीचे कागद हा परका मनुष्य कशासाठी पाहतो, अशी धास्ती काहींना वाटे. काहींच्या लेखी ते कागद निव्वळ रद्दी होते.

वस्तुतः मोडी वाचता येणे ही या कामाची केवळ पहिली पायरी होय. जुन्या अनेक पत्रांवर चंद्र आणि महिना असे, वर्ष नसे. ते वर्ष मजकुरावरून, उल्लेखिलेल्या व्यक्तींवरून आणि शेजारच्या कागदांवरून ठरवावे लागे. रुमालातील क्रम एकदा विस्कटला की हा शेजारचा साक्षीदार नाहीसा होतो. म्हणूनच कागद सापडणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो मूळ जागी, मूळ क्रमाने राखणे महत्त्वाचे. हे एकट्याचे काम नव्हे, हे ओळखूनच राजवाडे यांनी सरदार मेहेंदळे यांच्या साहाय्याने ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पुढे मतभेद होऊन ते धुळ्यास गेले व तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी निवर्तले. त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी धुळ्यात त्यांच्या नावाचे मंडळ उभे राहिले. शोधणाऱ्याचे नाव सर्वमुखी झाले. त्याच्यामागे कागद राखणारे मात्र अनामिकच राहिले.

हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही. रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावाचा विचार करावा. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाच्या प्रत्यक्ष अमलाखाली होता, नंतर इंग्रजी कारभारात गेला आणि १९०३ साली मध्यप्रांतास जोडला गेला. वाशिम जिल्हा १९०५ साली अकोल्यात विलीन झाला, तो १९९८ साली पुन्हा स्वतंत्र झाला. कारभार असा हातोहात फिरला असता आजोबांच्या नोंदीचा माग काढणाऱ्याने कोणत्या कचेरीचे दार ठोठवावे, हे जाणकार अभिलेखपालाखेरीज कोण सांगणार? २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आणि तलाठ्याचे दप्तर यांचे मोल त्या वेळी सर्वांस एकाएकी उमगले.

सर्वच कागद राखता येत नाहीत, हेही खरे. आपल्या कचेऱ्यांत ‘अ’ वर्गाचे कागद कायम ठेवतात, ‘ड’ वर्गाचे वर्षभरात नष्ट होतात. कोणता कागद कोणत्या वर्गात घालावा, या निर्णयावर पुढील पिढ्यांचे हक्क अवलंबून असतात. २००५ च्या महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियमाने ही जबाबदारी कायद्याच्या चौकटीत आणली; परंतु कायद्यास प्रशिक्षित माणसे, कोरडी जागा आणि पुरेसा निधी यांची जोड हवी. अभिलेखकक्षातील नेमणूक ही शिक्षा समजली जाते तोवर ती मिळणे कठीण. राजवाडे यांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या समाजाने आपल्या गावातील दप्तर राखणाऱ्याच्या कामाची निदान विचारपूस करावी, ही अपेक्षा अवाजवी नाही.