जामसाहेबांनी पत्करलेले पालकत्व

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांची एक कथा अलीकडे मोबाइलवरून देशभर फिरते. पोलंडच्या अनाथ मुलांनी भरलेले एक जहाज बंदरामागून बंदर हिंडते, जागोजागी त्याला नकार मिळतो आणि अखेर एक भारतीय राजा त्याला आपल्या किनाऱ्यावर उतरवून घेतो. कथा मनाला भिडणारी आहे. पण असे जहाज नव्हते. पहिली मुले आली ती मालमोटारींतून. सोव्हिएत तुर्कमेनिस्तानातील अश्गाबातहून डोंगर ओलांडून इराणमधील मशहद, तेथून झाहिदान, मग बलुचिस्तानच्या वाळवंटातून क्वेट्टा आणि पुढे आगगाडीने मुंबई, असा तो प्रवास होता. १९४२च्या वसंतात ती वांद्र्याच्या तात्पुरत्या निवासात पोहोचली आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून जामनगरजवळच्या बालाचडी येथे राहू लागली.

ही दुरुस्ती किरकोळ नाही. जहाजाच्या कथेत सारे काही एका क्षणाच्या दयेवर उभे राहते. प्रत्यक्षात आधी बराच पत्रव्यवहार झाला, पैशाची जुळवाजुळव झाली, जागा ठरली, बराकी बांधल्या गेल्या. दयेचा उमाळा दुर्मीळ नसतो. त्या उमाळ्याला चार वर्षे टिकेल अशी व्यवस्था देणे दुर्मीळ असते. जामसाहेबांचे चरित्र आज वाचावे ते त्यासाठी.

दिग्विजयसिंहजींचा जन्म १८ सप्टेंबर १८९५चा. क्रिकेटमुळे जगभर ओळखले जाणारे रणजितसिंहजी हे त्यांचे चुलते. राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात, नंतर इंग्लंडमधील मॅल्व्हर्न येथे आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. पुढे काही वर्षे त्यांनी लष्करात नोकरी केली. रणजितसिंहजींना संतती नव्हती. त्यांनी या पुतण्याला वारस म्हणून दत्तक घेतले आणि १९३३मध्ये त्यांच्या निधनानंतर दिग्विजयसिंहजी गादीवर आले.

या गादीचा दत्तकाशी असलेला संबंध जरा थांबून पाहण्याजोगा आहे. जाम विभाजींनी बालवयातील रणजितसिंहजींना वारस म्हणून निवडले होते; परंतु काही वर्षांनी विभाजींना मुलगा झाला आणि ती निवड बाजूला पडली. गादी मिळण्यासाठी रणजितसिंहजींना १९०७ सालाची वाट पाहावी लागली. आपले म्हटलेल्या मुलाला कागदाचा भक्कम आधार नसला, तर त्याची काय गत होते, हे या घराण्याने घरातच पाहिले होते. पुढच्या निर्णयामागे ही आठवण होती असे सिद्ध करता येणार नाही. पण ते घराणे हेच होते, एवढे खरे.

पोलिश मुलांवर ओढवलेले संकट सप्टेंबर १९३९पासूनचे. जर्मनीने पश्चिमेकडून आणि सोव्हिएत संघाने पूर्वेकडून पोलंड गिळला. १९४०च्या फेब्रुवारीपासून पूर्व भागातील लाखो माणसांना कुटुंबेच्या कुटुंबे मालगाड्यांत कोंबून सायबेरिया, कझाकस्तान आणि उत्तरेकडील अरण्यांत धाडण्यात आले. उपासमार, थंडी आणि विषमज्वराने घरे उद्ध्वस्त झाली. जून १९४१मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला, तेव्हा राजकारण पालटले. लंडनमधील निर्वासित पोलिश सरकार आणि मॉस्को यांच्यात जुलै १९४१मध्ये करार झाला, कैदेतील पोलिश नागरिकांची सुटका झाली आणि जनरल अँडर्स यांच्या नेतृत्वाखाली नवी पोलिश सेना उभी राहू लागली. सुटलेली माणसे दक्षिणेकडे निघाली. वाटेत मुले पोरकी होत गेली.

त्यांना सरसकट अनाथ म्हटले जाते. तेही पूर्णपणे खरे नाही. पुष्कळांची आई गेली होती आणि वडील नव्या सेनेत भरती झाले होते. कोणाचे वडील बेपत्ता होते आणि आई जिवंत असून तिच्या हाताशी भाकरीचा तुकडा नव्हता. अशा कित्येक मातांनी आपली मुले अनाथालयाच्या दारात सोडली आणि ती आपली नाहीत असे सांगितले. कारण अनाथ ठरलेल्या मुलाला अन्न मिळत होते आणि त्या देशाबाहेर पडण्याच्या यादीत त्याचे नाव चढत होते. मूल जगावे म्हणून आईने स्वतःला कागदावर मृत करून घेणे, यापरते दारिद्र्य कोणते?

भारत सरकारने सुरुवातीला अशा पाचशे मुलांना घेण्याचे मान्य केले. महायुद्धाच्या धामधुमीत दिल्लीच्या सचिवालयात या कामाला फारसा उत्साह असण्याचे कारण नव्हते. जामसाहेब त्या वेळी नरेंद्र मंडळाचे अध्यक्ष होते आणि ब्रिटिश युद्ध मंत्रिमंडळात भारतीय प्रतिनिधी म्हणून बसत होते. त्यामुळे पोलिश नेत्यांशी त्यांचा संबंध येत होता. त्यांनी आपल्या संस्थानात, समुद्रकाठी स्वतःच्या उन्हाळी निवासाजवळ, जागा देऊ केली. खर्चासाठी निधी उभारला गेला. त्यात इतर संस्थानिकांनी भर घातली आणि काही उद्योगघराण्यांनीही. मुंबईतील पोलिश वाणिज्यदूत बानासिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांनी या साऱ्याची धुरा वाहिली. जामसाहेबांच्या गुणगानात या दांपत्याचा उल्लेख बहुधा गळून जातो.

बालाचडीत मुले आली तेव्हा त्यांच्या अंगावर मांस नव्हते आणि कित्येकांनी उशीखाली पाव लपवण्याची सवय सोडली नव्हती. उपाशी राहिलेली मुले असे सर्वत्र करतात. उद्याचे जेवण येईल यावर त्यांचा विश्वास बसायला महिने लागतात. कौलारू बराकी, प्रत्येकाला स्वतःचा पलंग, दवाखाना, प्रार्थनास्थान, खेळाचे मैदान आणि समोर समुद्र अशी ती वसाहत होती. फादर फ्रान्सिशेक प्लुता हे तिचे प्रमुख. शिक्षण पोलिश भाषेत, शिक्षक पोलिश, बालवीरांची पथके पोलिश, ध्वजस्तंभावर पोलंडचा ध्वज. यजमानाने आपला धर्म, आपली भाषा वा आपले रीतिरिवाज मुलांवर लादले नाहीत. भावंडांना एकत्र ठेवले गेले. ज्या मुलाचे बाकी सर्व हरवले आहे, त्याच्याकडे उरलेल्या दोन गोष्टी म्हणजे भाषा आणि भावंड. त्या दोन्ही बालाचडीने जपल्या.

जामसाहेब तेथे वारंवार जात. नाताळच्या समारंभाला, मुलांच्या नाटकांना आणि सामन्यांना ते हजर असत. काठियावाडात वडीलधाऱ्याला बापू म्हणतात; मुलांनीही आपल्याला तसेच समजावे, असे त्यांनी सांगितल्याचे त्या मुलांनी वृद्धपणी आवर्जून नोंदवले आहे. पालकाच्या भाजीची गोष्टही तीच मंडळी सांगत. रोजच्या पालकाला कंटाळून मुलांनी जेवणावर बहिष्कार टाकला आणि हे कानावर आल्यावर जामसाहेबांनी स्वयंपाकघरातून ती भाजी बंद करवली. गोष्ट लहान आहे. पण ज्यांनी दोन वर्षे झाडाच्या साली उकळून खाल्ल्या, त्यांना एखादी भाजी नको म्हणण्याची हिंमत झाली, हे त्या घराचे मोठे प्रशस्तिपत्र मानायला हवे.

कसोटीची वेळ आली ती युद्ध संपल्यावर. जुलै १९४५मध्ये ब्रिटनने लंडनमधील निर्वासित पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि वॉर्सातील साम्यवादी सत्तेला ती दिली. ज्या सरकारच्या नावाने मुले भारतात आली होती, ते सरकारच कायद्याच्या दृष्टीने उरले नाही. मुलांना परत धाडण्याची भाषा सुरू झाली. त्यांची गावे तर आता सोव्हिएत संघाच्या हद्दीत गेली होती. म्हणजे ज्यांनी त्यांना सायबेरियात पाठवले, त्यांच्याच छायेत त्यांना जावे लागणार होते. तेव्हा जामसाहेब, फादर प्लुता आणि ब्रिटिश अधिकारी जेफ्री क्लार्क यांनी मिळून या मुलांना सामूहिकरीत्या दत्तक घेतले. पालक ठरल्यावर मुलांना कोठे पाठवायचे याचा निर्णय सरकारांच्या हातून निसटला.

या कृतीला दुसरी बाजू आहे आणि ती लपवू नये. काही मुलांचे आई वा वडील जिवंत होते, आणि एका राजाने, एका पाद्र्याने व एका अधिकाऱ्याने ठरवलेले हित त्या माणसांना मान्य झालेच असते असे नाही. सज्जन पालकाचा कागद आणि लोभी पालकाचा कागद दिसायला सारखेच असतात. फरक पुढच्या वागण्यात कळतो. येथे दत्तकाच्या निमित्ताने मुले कोणाची मालमत्ता झाली नाहीत. काहींना हयात नातलग सापडले आणि ती पोलंडला परतली. काही प्लुता यांच्याबरोबर अमेरिकेला गेली. उरलेली १९४६मध्ये कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील मोठ्या पोलिश छावणीत हलवण्यात आली. तेथे १९४३पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, मुख्यतः स्त्रिया व मुले, राहत होते. १९४८मध्ये ती छावणीही रिकामी झाली आणि मुले ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशी विखुरली.

याच काळात, १९४३मध्ये, बंगालमध्ये दुष्काळाने सुमारे तीस लाख माणसे मारली. कलकत्त्याच्या पदपथांवर मृत आईशेजारी बसलेली मुले हे रोजचे दृश्य होते. अखिल भारतीय महिला परिषदेसारख्या संस्थांनी त्यांच्यासाठी बालगृहे उघडली. परंतु संकटाच्या आकारापुढे ती ओंजळभर होती. जामसाहेबांना यासाठी जाब विचारणे अन्यायाचे ठरेल. बंगाल त्यांच्या अखत्यारीत नव्हता. पण बालाचडीची स्तुती करताना ही आठवण मनात ठेवली पाहिजे. बालाचडीत सुमारे हजार मुले वाचली, कारण त्यांच्या मागे एक निर्वासित सरकार, एक राजा, एक निधी आणि एक यादी होती. बंगालच्या मुलाचे नाव कोणत्याही यादीत नव्हते. शिवाय जामसाहेब हे लोकांना उत्तरदायी असलेले शासक नव्हते. त्यांच्या प्रजेला मताधिकाराने राज्यकर्ता निवडता येत नव्हता. एका उदार राजावर मुलांचे भवितव्य सोपवण्यात किती जोखीम असते, हे शेजारच्या संस्थानांकडे नजर टाकली तरी कळले असते.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी विलीनीकरणाला साथ दिली. १९४८मध्ये सौराष्ट्र संघराज्याचे ते पहिले राजप्रमुख झाले. सोमनाथच्या पुनर्बांधणीत त्यांचा वाटा होता आणि संयुक्त राष्ट्रांत त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. ३ फेब्रुवारी १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. पोलंडमध्ये साम्यवादी राजवट असेपर्यंत त्यांचे नाव तेथे उघडपणे घेता येत नव्हते, कारण मुले सायबेरियात कशी पोहोचली हा प्रश्नच निषिद्ध होता. आता वॉर्सात भला महाराजा या नावाचा चौक आहे. ऑगस्ट २०२४मध्ये पंतप्रधानांनी तेथे आणि कोल्हापूरच्या स्मारकाशी पुष्पांजली वाहिली.

भारतात मात्र जामसाहेबांच्या या कामातला व्यवहाराचा भाग आपण पुरेसा उचललेला नाही. महासाथीच्या काळात राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने सर्वोच्च न्यायालयाला दिलेल्या माहितीनुसार, एप्रिल २०२० ते जानेवारी २०२२ या काळात १,४७,४९२ मुलांनी आई, वडील किंवा दोघेही गमावले होते. त्यांतील दोघांनाही मुकलेली मुले १०,०९४. दोघांपैकी एक गमावलेली १,३६,९१०. मे २०२१मध्ये जाहीर झालेली केंद्राची मोठी योजना, ज्यात तेविसाव्या वर्षी दहा लाख रुपये मिळायचे आहेत, ती पहिल्या छोट्या गटासाठी होती. दुसऱ्या गटाला राज्यांच्या वेगवेगळ्या योजनांवर आणि मिशन वात्सल्यच्या दरमहा चार हजार रुपयांच्या प्रायोजकत्वावर विसंबावे लागले. ते प्रायोजकत्व विधवा मातेच्या मुलाला लागू होते. ते मिळवण्यासाठी उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, बँकेचे खाते आणि जिल्ह्याच्या समितीची मंजुरी लागते. मोलमजुरी करणाऱ्या बाईला हे सारे जमेपर्यंत मूल शाळेतून उठलेले असते, किंवा तिने ते कोठल्यातरी वसतिगृहात नेऊन सोडलेले असते. देशाच्या बालगृहांतील किती मुले अशी दारिद्र्यामुळे तेथे आली आहेत, हे त्या गृहांच्या अधीक्षकांना चांगले ठाऊक असते. २०१५चा बालन्याय कायदा संस्थेतील निवासाला शेवटचा उपाय मानतो. आईच्या हाती वेळेवर पैसे पडले, तर त्या उपायाची पाळी पुष्कळदा येणारच नाही.

बालाचडीला आज सैनिकी शाळा आहे. १९८९मध्ये तेथे एक स्मारकस्तंभ उभारण्यात आला. पुढे पांढऱ्या केसांची काही पोलिश माणसे अधूनमधून येत, समुद्राकडे जाणारी वाट स्वतःच शोधत आणि आपली बराक नेमकी कोठे होती याविषयी आपापसांत वाद घालत.