रमाबाई रानडे आणि परिचारिकेचा पेशा

रमाबाई रानडे (१८६२–१९२४) मराठीच्या विद्यार्थ्याला परिचित असतात त्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या आत्मकथनामुळे. त्यांचे परिचर्येच्या क्षेत्रातील कार्य तुलनेने उपेक्षित राहते. देवराष्ट्रे येथे जन्म, १८७३ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्याशी विवाह, अक्षरओळख त्यानंतरची. १९०१ मध्ये वैधव्य आले. १९०९ मध्ये पुण्यात त्यांनी सेवासदन उभारले. तेथील स्त्रिया, त्यांत विधवाही, ससून रुग्णालयात परिचर्येचे रीतसर शिक्षण घेऊ लागल्या. घरातील आजाऱ्याची शुश्रूषा हे स्त्रीचे कर्तव्यच मानले जाई; परक्याची शुश्रूषा, तीही वेतन घेऊन, हे मात्र उच्चवर्णीय कुटुंबांना कमीपणाचे वाटे. हा विरोधाभास ध्यानात घ्यावा. रमाबाईंनी शिक्षणाला वसतिगृहाची जोड दिली. शिकून बाहेर पडलेल्या विधवेच्या हाती आता स्वतःची मिळकत होती.