सगळं मिळूनही रितं वाटतं? पंडित भातखंडे यांचं आयुष्य काय सांगतं

डोंबिवलीतल्या माझ्या दवाखान्यात चाळिशी-पन्नाशीचे बरेच जण थकव्याची तक्रार घेऊन येतात. नोकरी चांगली, घराचे हप्ते फिटत आलेले, रिपोर्ट नॉर्मल. थोडं बोलल्यावर कळतं, की सकाळची लोकल पकडताना हे सगळं कशासाठी, असं वाटत असतं. तुम्हालाही तसं वाटत असेल, तर एका वकिलाचं आयुष्य पाहा.

वकिली आणि गाणं

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० मध्ये मुंबईत वाळकेश्वरला झाला. १८८५ मध्ये ते बी.ए. झाले, १८८७ मध्ये कायद्याची पदवी मिळाली. काही काळ कराचीत आणि पुढे मुंबईत त्यांनी वकिली केली. त्या काळी यापेक्षा मानाचे व्यवसाय थोडेच होते.

पण शिकत असतानाच ते सतार शिकले होते. १८८४ मध्ये ते मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. तिथे त्यांनी नामवंत गवयांना ऐकलं, धृपद-ख्याल शिकले. वकिली सुरू झाल्यावरही त्यांनी हे सोडलं नाही.

१९०० मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये मुलगी. घर रिकामं झालं. त्यांनी वकिली सोडली आणि १९०४ मध्ये दक्षिण भारताच्या प्रवासाला निघाले. नंतर देशभर फिरून जुने ग्रंथ शोधले, घराण्यांत जपलेल्या बंदिशी लिहून घेतल्या. रागांची दहा थाटांत मांडणी केली. १९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरवण्यात आणि १९२६ मध्ये लखनौचं संगीत महाविद्यालय उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९३३ मध्ये पक्षाघाताने त्यांना अंथरुणाला खिळवलं आणि १९३६ मध्ये ते गेले. तुमची मुलगी गाण्याच्या क्लासला जात असेल, तर ते दहा थाट तिला पाठ असतील.

तुम्ही यातून काय घ्याल?

उद्याच राजीनामा द्या, असं मी सांगणार नाही. भातखंड्यांनी वकिली सोडली तेव्हा गाण्याची वीस वर्षांची सोबत होती. दुःख कोसळलं तेव्हा जायला एक जागा होती, कारण ती त्यांनी कामाच्या धबडग्यातही जपली होती. तुमची अशी जागा कोणती? आठवड्यातून दोन तास तिच्यासाठी ठेवा. मग ते भजन असो, बाग असो की एखाद्या मुलाला शिकवणं.

डॉक्टरांकडे कधी जावं?

प्रत्येक रितेपण छंदाने भरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास असेल, झोप किंवा भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर ते नैराश्य असू शकतं. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि बी-१२ ची तपासणीही करून घ्या; त्यांच्या कमतरतेतही असंच गळून गेल्यासारखं वाटतं. जगणं नको वाटत असेल, तर थांबू नका. घरच्यांना सांगा आणि टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर लगेच बोला.

घरच्यांनो, एवढं सगळं असताना तुला काय कमी आहे, असं विचारू नका. शेजारी बसा आणि ऐका.